पायांच्या वेगाचा मुलूख

सातारा शहराच्या पश्चिमेला, समर्थ मंदिराच्या पुढे, यवतेश्वराचा घाट लागतो. सुरुवातीला तो काही कळू देत नाही. घरं विरळ होतात, एका अंगाने डोंगर जवळ येतो, दुसऱ्या अंगाला शहर हळूहळू खाली राहू लागतं, आणि पहिली एक-दोन वळणं मागे पडली की पोटऱ्यांना समजतं, आता बराच वेळ सपाटी नाही. मोटारीने हा घाट बोलता बोलता संपतो. वळणं दिसतात, दरी दिसते, पुढे कासला पोचायची घाई असते. चढ मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही, तो इंजिनाने परस्पर उचललेला असतो. धावत जाणाऱ्याच्या वाट्याला तो सगळाच्या सगळा येतो.

साताऱ्याच्या चहूबाजूंच्या रस्त्यांवर पळताना माझी एक खात्री होत गेली आहे. हा मुलूख पायांच्या वेगाने वसलेला आहे. कुठे गाव बसावं, दोन गावांमध्ये किती अंतर असावं, विहीर कुठे खणावी, देऊळ चढाच्या आधी असावं की नंतर, हे इथे ज्यांनी ठरवलं त्यांना दम लागणं म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. त्यांचे बैल चढावर थांबत होते, त्यांच्या बायका डोक्यावर पाणी घेऊन ती चढण चढत होत्या, त्यांचे जासूद थैली घेऊन याच वाटांनी पळत होते. इतिहासाच्या पुस्तकात या गावांची नावं, सनावळ्या, सनदा सापडतात. त्यांची जागा अमुकच का, हे मात्र मला पळतानाच उमगत गेलं.

चढावर पळायची एक रीत आहे. पाऊल आखूड ठेवायचं, खांदे सैल सोडायचे, नजर समोरच्या दहा-बारा फुटांवर. वळणं किती राहिली ते मोजायचं नाही. वेग पडला तर पडू द्यायचा, लय पडू द्यायची नाही. उतरताना उलटं होतं. छाती मोकळी असते आणि सगळा भार मांड्यांवर येतो, कारण उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला आवरून धरण्याचं काम करत असतो. त्याची ठणक लगेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. डोंगराळ भागातल्या माणसांच्या मांड्या आणि गुडघे ज्या तऱ्हेने घडलेले असतात, त्यामागे लहानपणापासूनचं हे उतरणं आहे.

सह्याद्रीचा चढ एकसारखा नसतो, हेही पायांना डोळ्यांआधी कळतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला. कठीण थराचा कडा झाला, मऊ थराचा उतार झाला. त्यामुळे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी वर जातो: अंगावर येणारा चढ, मग थोडी सपाटी, मग पुन्हा चढ. आखीव घाटरस्ता हे बरंचसं लपवतो. गावकऱ्यांच्या पायवाटेला लागलं की ते उघड होतं. आणि या सपाट्यांवरच वाड्या आहेत. दोन थरांच्या सांध्यातून पाणी पाझरतं, म्हणून जिथे चढ सैल होतो तिथेच बहुतेक वेळा झराही सापडतो. दम खायला थांबावंसं वाटतं तिथे एखादं पाण्याचं टाकं, दोन उंबर, चार घरं आणि एक शेंदूर लावलेला दगड असतो. आधी मला हा योगायोग वाटायचा.

यवतेश्वरावरून पुढे रस्ता डोंगराच्या माथ्याने कासकडे जातो. साताऱ्याहून कास पठार सव्वीस-सत्तावीस किलोमीटरच्या आत येतं, उंची साधारण बाराशे मीटर. काळा कातळ संपून पायाखाली जांभा येतो. त्यावर मातीचा पापुद्रा इतका पातळ की झाड म्हणून काही तगत नाही, आणि त्याच पातळपणामुळे पावसाळ्याच्या शेवटी तिथे सीतेची आसवं, तेरडा, गेंद यांचे पट्टेच्या पट्टे उमलतात. २०१२ साली पश्चिम घाटातल्या निवडक स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासही आहे. धावणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तिथे डांबर सोडू नका. पठारावर धावायचा मोह मोठा असतो. ते मऊ दिसतं, आडवं पसरलेलं दिसतं. पण बुटाच्या एका टाचेखाली त्या पातळ मातीतलं पुढच्या वर्षीचं बी जातं. रस्त्यावरून पळा आणि डोळ्यांनी पठारावर हिंडा.

त्या रस्त्यावर मला फुलांइतकंच पाणी महत्त्वाचं वाटतं. कासचा तलाव शहराच्या कितीतरी वर आहे, आणि एकोणिसाव्या शतकापासून त्याचं पाणी नुसत्या उताराने साताऱ्यात येतं. ज्या उताराने मी मांड्या आवरत खाली येतो, त्याच उताराच्या अंगाने शहराची तहान भागवणारं पाणी उतरत असतं. ज्याने हा उतार प्रथम हेरला तो माणूस ही वाट नक्की पायी चालला असणार.

२०१२ सालीच साताऱ्यात डोंगरी अर्धमॅरेथॉन सुरू झाली. शहरातून निघून यवतेश्वराचा घाट चढायचा आणि परत उतरायचं, एकूण एकवीस किलोमीटरच्या वर. आता तिच्यासाठी देशभरातून हजारो लोक येतात, आणि त्या दिवशी घाटाच्या कडेला गावची माणसं टाळ्या वाजवत उभी असतात. या शर्यतीने शहराला पळण्याची गोडी लावली, त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. पण इथे पळणं त्याच्या फार आधीपासून आहे, आणि ते आधीचं पळणं मला जास्त बोलावतं.

अजिंक्यतारा घ्या. शहराच्या डोक्यावरचा हा किल्ला शिलाहार भोज राजाने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला असं मानतात. पहाटे अर्धा सातारा या डोंगरावर असतो. म्हातारी माणसं काठी टेकत, बायका जोडीजोडीने, शाळकरी पोरं ओरडत. चढ छोटा आणि सरळ. तासाभरात वर जाऊन घरी परत येता येतं, म्हणून शहराला तो रोजच्या चहासारखा लागतो. मी तिथे पळतो तेव्हा माझ्या डोक्यात १६९९ च्या डिसेंबरपासून १७०० च्या एप्रिलपर्यंतचे महिने असतात. खाली खुद्द औरंगजेबाची छावणी आणि वर प्रयागजी प्रभूंच्या हाताखाली मूठभर शिबंदी. मंगळाईच्या बुरुजाखाली मोगलांनी सुरुंग पेरले. दुसऱ्या सुरुंगाने बुरूज उलटा ढासळला आणि चढाईसाठी उतारावर दाटीने थांबलेले मोगल सैनिक मोठ्या संख्येने त्याखाली गाडले गेले. त्या बाजूचा उतार पाहिला की ही हकिगत अंगावर येते. तिथे माणूस धड उभा राहू शकत नाही, मग धावून चाल करणं दूरच. दाटीने उभं राहण्याखेरीज त्यांना गत्यंतर नव्हतं. शेवटी गड गेला, पुढे पुन्हा आला, आणि १७०८ साली याच गडावर शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला. पुढे महाराज खाली उतरले आणि पायथ्याला त्यांनी शहर वसवलं. राजधानी डोंगरावरून सपाटीवर आली. या उतरण्यामागचा अर्थ रोज हा डोंगर चढणाऱ्या-उतरणाऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही.

माझा आवडता रस्ता मात्र घाटाचा नाही. तो उत्तरेला, लिंब गावाचा. साताऱ्याहून पंधरा-सोळा किलोमीटर. हमरस्ता सोडून लिंबाकडे वळलं की गाड्यांचा आवाज मागे राहतो आणि दोन्ही बाजूंना ऊस लागतो. जमीन कृष्णेकडे उतरत असते. रस्ता सपाट वाटला तरी पाय हलके पडू लागतात, त्यावरून नदी कुठल्या बाजूला आहे ते कळतं. हिवाळ्यात एखादं गुऱ्हाळ चालू असलं तर त्याचा वास अर्धा मैल आधीपासून सोबत येतो. उसाच्या पाल्यावरचं दव पोटऱ्यांना लागतं.

आणि मग बारामोटेची विहीर. शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या वर्षांत ती बांधून घेतली. वरून पाहिलं तर शिवलिंगाचा आकार. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. दगडी जिना उतरून आत गेलं की घाम अंगावरच गार होतो. मोठी अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेली दुसरी, यांच्या मधोमध चक्क एक छोटा महाल आहे: खांब, कोनाडे, हत्ती आणि शरभ कोरलेले. इथे बसून राजे मसलती करत असं गावातले लोक अभिमानाने सांगतात. मला त्याहून जास्त ओढ वरच्या मोटांच्या जागांची वाटते. एका वेळी बारा मोटा चालाव्यात असा हा घाट. बैल धावेवरून उताराने खाली जात, सोल ताणला जाई, चामड्याची मोट भरून वर येई, पाणी थारोळ्यात ओतलं जाई, की बैल पुन्हा मागे. दिवसभर. हे पाणी आंब्यांच्या मोठ्या बागेसाठी होतं. राजघराण्यातल्या बाईने बांधलेली विहीर, पण तिचं सगळं गणित बैलाच्या पावलांवर बसवलेलं. उतार किती ठेवायचा म्हणजे बैलाला ओढायला सोपं जावं आणि परतताना त्याचा दम तुटू नये, हे कुणीतरी अनुभवाने ठरवलं असणार. मी यवतेश्वरावर जे मांड्यांनी शिकलो ते त्या माणसाला तीनशे वर्षांपूर्वी पाठ होतं.

लिंबाच्या वाटेवर, किंबहुना या भागातल्या कुठल्याही वाटेवर, धावणाऱ्याला सगळ्यांत जवळचा वाटणारा देव म्हणजे वेशीवरचा मारुती. मैलाचे दगड रस्तारुंदीत गेले, पाट्यांवरची अक्षरं पुसली, पण मारुती दिसला की गाव आलं. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींतला एक मारुती याच जिल्ह्यात, मसूरला. चाफळ, उंब्रज, शहापूर, माजगाव इथले त्यांतले मारुतीही आसपासच. व्यायाम करा, अंगात बळ आणा, असं सांगणाऱ्या संताने उपासनेला उडी घेणारा, धावणारा देव निवडला आणि तो वेशीवर, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर बसवला. कोरेगावच्या अंगाला जरंडेश्वराचा डोंगर आहे, त्याच्या माथ्यावरही मारुतीच. द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा एक तुकडा इथे पडला आणि त्याचा हा डोंगर झाला, असं लोक सांगतात. तो चढ खरोखर कठीण आहे. माथ्यावर पोचल्यावर गाभाऱ्यातल्या गारव्यात पाय पसरून बसलं की ती कथा ज्याने पहिल्यांदा सांगितली त्यालाही असाच दम लागला होता हे जाणवतं.

परळीच्या रस्त्यावरची एक गोष्ट सांगायलाच हवी. सज्जनगडाच्या पायथ्याचं हे गाव समर्थांच्या आधीचं, यादवांच्या काळातल्या धाटणीची जुनी शिवमंदिरं असलेलं. समर्थ १६७६ साली गडावर राहायला आले आणि १६८२ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यामुळे सगळे भाविक थेट वर जातात आणि परळीच्या देवळांत फार थोडे थांबतात. मी गावातून पळत चाललो होतो. ओट्यावर बसलेल्या एका आजींनी हाक मारली.

“कुनाचा रं तू? कुठं पळत निघालायस?”

“गडावर, आजी.”

“मग चालत जा की. गड काय पळून चाललाय व्हय?”

मी थांबलो. त्यांनी तांब्या पुढे केला. पाणी पिऊन होईपर्यंत त्यांनी माझं गाव, आईवडील, पोरंबाळं सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, “आमी लगीन होऊन आलो तवा ह्यो चढ डोईवर वजं घिऊन चढायचो. दमानं चढलं की दिसतंय समदं.” मी पुढचा चढ चालत गेलो. वाटेवर उरमोडीचं पाणी एका वळणाआड दिसायला लागतं, ते मी पळताना कधी पाहिलंच नव्हतं. वेगाच्या बाबतीत मला मिळालेला सगळ्यांत उपयोगी सल्ला तो होता, आणि पुढे कुठल्याही लांब धावेत चढ अंगावर आला की मी बिनदिक्कत चालायला लागतो.

या वाटांवरून जे पोटासाठी पळत होते त्यांच्याबद्दल आपण फार कमी लिहिलं आहे. साताऱ्यात छत्रपती आणि पुण्यात पेशवे, म्हणजे मधल्या शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून राज्याचा सगळा कारभार कागदांनी चालायचा. ते कागद जासूद नेत. पुष्कळदा दोघे मिळून, जोडीने. एकाला काही झालं तर दुसऱ्याने थैली पोचवावी. खंबाटकीचा घाट, नीरा, कात्रज: आज बोगद्यांतून आणि पुलांवरून जाताना ज्या जागा नावापुरत्या उरल्या आहेत, त्या त्यांनी अंगावर घेतल्या. पेशवे दफ्तरातल्या पत्रांत जासूद जोडी आल्याचा उल्लेख येतो. त्या जोडीची नावं क्वचित येतात, ती कशी आली, वाटेत कुठे पाणी प्याली, रात्री कुठे टेकली, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या पायांनी तो इतिहास घडत होता. धर्मशाळा, बारव, पार, वेशीचा मारुती हे सगळं आपल्याला आज स्थापत्य म्हणून दाखवलं जातं. ज्याला वीस कोस जायचंय त्याच्यासाठी ते आधार होते.

माहुलीला मी थोडक्यातच आटोपतो, कारण तिथे पळायचं कमी आणि बसायचं जास्त असतं. साताऱ्यापासून पाचेक किलोमीटर पूर्वेला कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना मिळतात. संगमावर विश्वेश्वराचं मंदिर, पलीकडच्या काठावर रामेश्वर, पाण्यात उतरत जाणारे रुंद घाट. रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचे. राजघराण्यातल्या माणसांवर जिथे अंत्यसंस्कार झाले त्या काठावर शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी आहे.

वाईकडचा पट्टा अगदी वेगळा. तिथे पाणी, सावली आणि डोंगर तिन्ही हाताशी आहेत. गणपती घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार केलेली आहे, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं. कृष्णेच्या काठाने तिथून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, मागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आणि छोट्या देवळीत टांगलेली पंचधातूची घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ही एक, तिच्यावर १७०७ हे साल आहे. पुढे धोम. तिथे कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी पाहायला मिळतो. या तिन्ही गावांचा रस्ता एका सकाळीत धावून होतो, आणि एकदाही मोठा चढ लागत नाही. चढ हवा असेल तर पसरणीचा घाट आहेच, थेट पाचगणीपर्यंत. त्याच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. पसरणीचा घाट चढताना खाली वाईचं खोरं उलगडत जातं, आणि अर्ध्यावर आल्यावर ध्यानात येतं की नदीकाठी जागा असूनही जुनी गावं पुराच्या रेषेच्या किंचित वर, ओळीने बसलेली आहेत. ती रेषा रस्त्यावरून दिसत नाही, चढावरून दिसते.

याच जिल्ह्याचं दुसरं टोक माण तालुका. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पूर्वेला दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. शंभरेक किलोमीटरच्या आत हा फरक पडतो. तिथे ऊस नाही, सावली नाही. तांबूस माळ, बोडक्या टेकड्या, मेंढरं. त्या माणातल्या मोही गावच्या ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांमध्ये सलग तीन वर्षं पहिल्या आल्या, मग ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचल्या, दहाव्या आल्या. पी. टी. उषांच्या १९८४ च्या शर्यतीनंतर ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत उतरलेली भारतीय महिला तोवर झाली नव्हती. मी तो माळ पाहिला आहे. तिथे लांब पल्ल्याचं धावणं कुठून येतं याचं मला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते याचं की त्या माळावरून रिओपर्यंत जायला एवढी वर्षं लागावीत.

कारण हे पाय जगाने फार आधी पाहिले होते. पहिल्या महायुद्धानंतर लगेच पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यतींना दोराबजी टाटा हजर होते. शेतकरी घरातले तरुण अनवाणी, फारशा शिक्षणाशिवाय लांब पल्ल्याच्या शर्यती धावत होते आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होत्या. ते पाहून टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारताचा संघ पाठवायचा विचार उचलून धरला. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं पथक असं आपल्या मातीत पळणाऱ्या पोरांच्या अनवाणी पायांमुळे उभं राहिलं. हे आपल्या शाळांत शिकवलं पाहिजे असं मला तीव्रतेने वाटतं.

आजही पहाटे या रस्त्यांवर मला जे भेटतात ते बहुतेक छंदासाठी पळणारे नसतात. ती भरतीची पोरं असतात. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, आणि त्या काही मिनिटांवर घराचं पुढचं सगळं अवलंबून असतं. दक्षिणेकडचं अपशिंगे मिलिटरी हे गाव तर नावानेच सांगतं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांची आठवण सांगणारा स्तंभ गावात आहे. तिथल्या रस्त्यावर सकाळी पळणाऱ्या पोरांकडे पाहिलं की छाती भरून येते आणि काळजीही वाटते. फाटलेले बूट, काहींच्या पायात तेही नाहीत, कडेला पांढरी पट्टी नाही, आणि हंगामात बाजूने उसाचे दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर जातात, मागे लाल दिवा नसलेले. मुली तर उजाडायच्या आधी एकट्या निघूच शकत नाहीत. कुणाचा तरी बाप किंवा भाऊ मोटारसायकलवर मागे मागे येत असतो. एका ग्रामपंचायतीला चारशे मीटरचं सपाट मातीचं मैदान करणं अवघड नाही. गायरानं आहेत, गावात जेसीबी आहेत, माजी सैनिक शिकवायला तयार आहेत.

रस्त्यांचीही काळजी वाटते. साताऱ्याच्या बाहेर पडणाऱ्या अनेक वाटांवर जुने वड होते. रुंदीकरणात ते गेले, आणि त्यांच्याबरोबर एप्रिल-मे महिन्यांतली नऊनंतरची धाव गेली; आता उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत परतावं लागतं. कासच्या माथ्यावर फुलांच्या दिवसांत मोटारींची रांग लागते आणि घाटात धुरामुळे श्वास घेववत नाही. एक गोष्ट मात्र चांगली झाली आहे, आणि ती मी आनंदाने सांगतो. गावाबाहेरून वळणरस्ता काढला की गावातला जुना रस्ता रिकामा होतो. त्यावर पुन्हा गुरं, पोरं, म्हातारी माणसं आणि पळणारे दिसायला लागतात. असे सोडून दिलेले जुने रस्ते जोडत गेलं तर धोमपासून माहुलीपर्यंत कृष्णेच्या काठाकाठाने, मेणवली, वाई, लिंब अशी पायी जायची एक सलग वाट तयार होऊ शकते. नकाशा घेऊन मी तिचे तुकडे जुळवतो आहे. मधे दोन ओढे आहेत, एका ठिकाणी खासगी ऊस आडवा येतो, आणि पुलासाठी बराच वळसा पडतो. ओढ्यांचं पाणी पौषात उतरतं. उसाच्या मालकाशी बोलणं झालं आहे. तोड झाल्यावर बांधावरून जायला त्यांची हरकत नाही, फक्त कुत्री सांभाळा, असं ते म्हणाले.